वास

कोर्टाच्या कंपाऊंडला टेकून माझं टेबल आहे,
एक पाय आखूड, त्याखाली जुन्या डायरीचा पुठ्ठा.
कन्नडमधलं मराठीत, मराठीतलं कन्नडमध्ये,
पानाला चाळीस रुपये.
घाई असेल तर साठ.

भरमा मुतगेकरनं आणलेला कागद
दोन्हीकडून छापलेला, शिक्क्यावर शिक्का.
रुळापलीकडच्या तेलाच्या डेपोला
हवेत वाफ सोडायची परवानगी,
सर्वसाधारण परवाना.
म्हणजे काय, त्यानं विचारलं.
म्हणजे एकाच मापाचा सदरा, मी म्हणालो,
सगळ्या डेपोंना शिवलेला,
गावाचं नाव तेवढं टिंबांवर भरायचं.
एवढ्या टाक्या, एवढी उंची, एवढं तेल,
मापात बसलं की वेगळी सुनावणी नाही.
वारा कुठून कुठं वाहतो, त्याला रकाना नाही.

मी पुढं वाचत गेलो.
गाळी म्हणजे हवा.
आमच्यात गाळी म्हणजे शिवी,
जुनी माणसं अजून तसं म्हणतात.
सम्मती म्हणजे संमती.
हा एकच शब्द या भाषेतून त्या भाषेत गेला
चेकपोस्टवर न थांबता.
'कुणाची?' भरमा म्हणाला.
मंडळाची.
'आणि कुणाला?'
कंपनीला.
त्यानं तंबाखूची चंची उघडली, तशीच मिटली.

चौथ्या पानावर होतं: टाकीचा श्वास.
खरंच तसं लिहिलंय, मी बोट ठेवून दाखवलं.
दुपारी टाकी तापते, आतलं पेट्रोल फुगतं,
वाफ झडपेतून बाहेर पडते.
रात्री गार झाली की टाकी हवा आत ओढते.
या श्वासाला पाच वर्षांची मुदत आहे,
नंतर नूतनीकरण.

भरमा हसला.
बावीस वर्षं तो टँकरवर चढायचा,
झाकण उघडून पितळी काठी बुडवायचा,
वाकून आकडा वाचायचा.
डोळे मिटून सांगायचा, हे पेट्रोल, हे डिझेल,
यात कुणीतरी रॉकेल मारलंय.
'टाकीचा श्वास मला काय सांगूलास,' म्हणाला,
'तोच घेत होतो की मी.'

आक्षेपाला तीस दिवस. त्यातले एकोणतीस गेलेले.
लिही, म्हणाला.
दसऱ्याच्या आसपास येळ्ळूरच्या शिवारात
बासमती भात निसवतं.
रस्त्यानं जाणारा सायकलवरनं उतरतो, असा वास.
यंदा बायको म्हणाली, सुटलाय बघा.
मी बांधावर उभा राहिलो, पोटभर ओढलं.
'मला वास नाही. तेवढंच लिही.'

तेवढंच लिहिलं.
चार वाजत आलेले, टपाल निघायची वेळ,
आणि इतकी वर्षं दोन भाषांच्या मध्ये बसून
मी तो शब्द तसाच पलीकडे जाऊ दिला,
संमतीसारखा.
तिकडे वासाला वासने म्हणतात.
वास म्हणजे राहणं.

दीड महिन्यानं उत्तर आलं. मीच वाचून दाखवलं:
आपला तेथे वास नसल्याचे अर्जदार स्वतः कबूल करतो.
सबब आक्षेप विचारात घेता येत नाही.

चूक माझी, म्हणालो. चाळीस रुपये काढून पुढं धरले.
त्यानं हात लावला नाही.
'चूक कसली? घरात भात करपतो,
शेजारीण ओरडत येते तेव्हा मला कळतं.
नाहीच की मी तिथं.'

मग पिशवीतनं मूठभर तांदूळ काढून
त्यानं त्या उत्तराच्या कागदावरच ओतला.
बारीक, नखात मावेल असा.
'तू बघ. येतोय काय?'

येतोय, मी लगेच म्हणालो.

तो बसस्टँडच्या गर्दीत दिसेनासा झाल्यावर
टाइपरायटर बाजूला सारला
आणि पुन्हा वाकलो.